गार होईपर्यंत

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. हो, तीच, तांबडी रबरी, गळ्याशी बूच असलेली. हसू नका. अकरा वर्षं एका बाईचं देवाशी बोलणं माझ्या जिवावर चाललं होतं.

आजी शिंपीण. चाळीस वर्षं शिलाई मशीन पायाने चालवून गुडघ्यांनी संप पुकारलेला. जमिनीवर बसून प्रार्थना करणं बंद झालं, तेव्हा मी घरात आले.

रोज सकाळी ती स्वतः पाणी तापवायची, मला भरायची, हवा काढून बूच घट्ट पिळायची आणि खुर्चीत बसून मला गुडघ्यांवर ठेवायची. मी कडकडीत असेपर्यंत देवाशी भांडण. "तुला गुडघे नाहीत ना, मग तुला काय कळणार म्हणा!" मी कोमट झाले की घरच्यांसाठी मागणं: लेकाची नोकरी, सुनेची पाठ, नातीचा दमा. आणि मी गार झाले की आजी गप्प. डोळे मिटून नुसती बसायची. दुखणं तेव्हाही असायचंच, पण चेहरा निवलेला असायचा.

मग माझंही वय झालं. एकदा शिवणीत गळले आणि आजीची मांडी पोळली. "आई, आता पुरे हं हिचं," म्हणत सुनेने विजेवरची शेकायची गादी आणली. बिचारीचा हेतू चांगलाच होता. मी गेले कपाटात, जुन्या टॉवेलांखाली.

आत सगळं ऐकू यायचं. त्या गादीची ऊब आपली एकसारखी. त्यामुळे आजीचं भांडण काही संपेना, घरच्यांची पाळीच येईना. पुढे पुढे ती बोलेनाशीच झाली.

"आई, आज प्रार्थना नाही?"

"सुरू करते गं, पण शेवटच सापडत नाही."

मला तिच्या गुडघ्यांची फार आठवण यायची. दुखऱ्या गुडघ्यांची कुणी आठवण काढतं का? मी काढायचे.

परवा कपाट उघडलं. काठी टेकत आजीच आली होती. तिने मला झटकलं आणि रिकामीच मांडीवर घेतली.

"अहो आई, गळते ती!"

"पाणी कुठे भरतेय? बस जरा."

तिने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले. मी गारच होते, म्हणून ती आधी गप्प बसली. सूनही शेजारी बसली. बऱ्याच वेळाने तळव्यांच्या उबेने मी कोमट झाले. तेव्हा आजी पुटपुटली, "हिची पाठ तेवढी सांभाळ रे बाबा."

सुनेने हे पहिल्यांदाच ऐकलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

आता मी खुर्चीवरच असते. मला टाकून देऊ नका हो. पाणी नाही धरवत माझ्याच्याने, पण गार होणं अजून जमतं.