ट्रेलरवरून पाहिलेला समुद्र

मित्रांनो, माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि माझ्या अंगावर एकही ओरखडा नाही. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. ओरखडा का नाही, तीच माझी गोष्ट आहे.

मी एक जुनी मोटार. दोन दारं, आठ सिलिंडर, कच्च्या लिंबाचा हिरवा रंग. साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावी, टिलब्रुकांच्या गॅरेजात राहते. १९७२ साली जन्मले. तो कारखाना कधीच बंद झाला. शुक्रवारची दुपार होती आणि कामगारांना घरी जायची घाई होती. डिकीच्या आत रंगाचा एक ओघळ तसाच वाळला. तपासनिसाने बोनेटखाली खडूने कशीबशी एक रेघ ओढली आणि मला बाहेर ढकललं. मी काही कुणाची लाडकी लेक नव्हते. त्या दिवशीची एकतिसावी गाडी होते.

रॉस टिलब्रुक तेव्हा बावीस वर्षांचा होता, गावातल्या शिशाच्या भट्टीत फिटर. दोन वर्षं जादा पाळ्या करून त्याने मला घेतलं. पहिल्याच शनिवारी त्याने ग्लेनिसला शेजारी बसवलं. ती बेकरीत कामाला होती. तिने बसल्या बसल्या काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि म्हणाली, "चल, दाखव काय येतं हिला."

पोर्ट जर्मेनच्या लाकडी धक्क्यापर्यंत पंचवीस किलोमीटर सरळ, सपाट रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारफुटी. "अजून जोरात," ती म्हणायची. रॉस घाबरायचा, ती नाही. परतताना डिकीत खेकड्यांची बादली असायची आणि माझ्या सीटवर टोमॅटो सॉस. तिच्या सिगारेटने सीटला एक भोकही पडलं. लग्न झाल्यावर चर्चमधून ती दोघं माझ्यातूनच बाहेर पडली, आणि तेव्हाही काच खालीच होती.

खरं सांगते, मी फार चांगली गाडी नव्हते. ब्रेक लागायचे, पण विचार करून लागायचे. पेट्रोल तर मी गायीने पाणी प्यावं तसं प्यायचे. उन्हाळ्यात सीटवर मांड्या भाजायच्या. पण माझा आवाज दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा, आणि ग्लेनिसची आई म्हणायची, "आला बघ तुझा तो, चहा टाक."

मग लीअ‍ॅन झाली. दोन दारांच्या गाडीत पाळणा कसा घालणार? चार दारांची एक शहाणी गाडी आली आणि मी चौदा वर्षं ताडपत्रीखाली गेले. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला. माझी कुणी आठवण काढली नाही. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. खरे हाल नंतर झाले, प्रेमाने झाले.

कारण माझ्यासारख्या गाड्या दुर्मिळ झाल्या. गावात जुन्या गाड्यांचं एक मंडळ निघालं. त्याचा प्रमुख क्लॅरी, निवृत्त ट्रकचालक, दर रविवारी आमच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसायचा. लीअ‍ॅन एकदा तिची नवी विजेवरची गाडी घेऊन आली, तर म्हणाला, "ही गाडी नाही, फ्रिज आहे. चाकं लावलेला."

"हा फ्रिज तुमच्या हिरवीला सिग्नलवरच मागे टाकेल, क्लॅरी."

"टाकू दे की. फ्रिजकडे वळून कोण बघतं?"

रॉस हसला. त्याच्या कितीतरी वर्षं आधीच त्याने मला शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडलं होतं आणि नऊ वर्षं घेऊन पुन्हा जोडलं होतं. मंडळाच्या स्पर्धेत गाडी कारखान्यातून निघाली तशी हुबेहूब असावी लागते. परीक्षक पाठीवर झोपून, बॅटरीच्या उजेडात खालून बघतात आणि गुण कापतात. म्हणून रॉसने डिकीतला तो ओघळसुद्धा पुन्हा काढला, बारीक कुंचल्याने, तीन प्रयत्नांत. घाईत ओढलेली खडूची रेघ त्याने जुन्या फोटोवरून गिरवली. कुणा शुक्रवारच्या कंटाळलेल्या माणसाचा निष्काळजीपणा त्याने इतक्या काळजीने उतरवला, की मला त्याचं हसूही येईना. सॉसचा डाग आणि सिगारेटचं भोक असलेली सीट कचऱ्यात गेली. त्या जागी त्या काळचं न वापरलेलं कापड आलं.

आणि टायर आले. माझ्याच साली बनलेले, कुणाच्या तरी शेडमध्ये गुंडाळून ठेवलेले. रबर लाकडासारखं कडक झालेलं. असे टायर दाखवायचे असतात, त्यांवर गाडी चालवायची नसते. चाकांच्या नटांवर कारखान्यासारखे पिवळे ठिपके दिले. चाक काढलं की ठिपका तुटतो. म्हणून चाक काढायचं नाही, म्हणून साधे टायर बसवायचे नाहीत, म्हणून मी चालायचं नाही. स्पर्धेलाही मी ट्रेलरवरूनच जायची. सतरा वर्षं मी एक मैल धावले नाही.

मग एका जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, ग्लेनिसच्या पोटात दुखू लागलं. ॲडलेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की सप्टेंबरातला वसंत दिसेल याची खात्री नाही. ती घरी आली ती सरळ गॅरेजात, काठी टेकत.

"रॉस, मला धक्क्यावर जायचंय. हिच्यातून. काच खाली करून. बाकी काही नको."

"जाऊ ना. स्पर्धा झाली की लगेच."

"स्पर्धा ऑक्टोबरात आहे."

रॉसने फडकं घेऊन माझं बोनेट पुसायला घेतलं.

"चाकं बदलायला अर्धा तास लागतो," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुला बघतेय. मी घड्याळ लावून पाहिलंय."

"ठिपके तुटतील गं. यंदा शंभरपैकी शंभर आहेत, क्लॅरी पण म्हणतो."

लीअ‍ॅन दारात उभी होती. म्हणाली, "आई, माझ्या गाडीतून चल. सीट मागे पडते, गरमसुद्धा होते."

"तुझी गाडी छान आहे, राणी," ग्लेनिस म्हणाली. "पण तिच्यात बसलं की मी आजारी असते."

त्यानंतर रोज ती एकदा विचारायची आणि रोज तो ठिपक्यांकडे बघायचा. शेवटी ऑगस्टच्या एका सकाळी रॉसने तोडगा काढला. तो मनापासून खूश होता, हे मला सांगायलाच हवं. त्याने मला ट्रेलरवर चढवलं, पट्ट्यांनी बांधलं, ट्रेलर ट्रकला जोडला आणि ग्लेनिसला ट्रकमध्ये आपल्या शेजारी बसवलं. तो पंचवीस किलोमीटरचा रस्ता मी पाठीमागून, ओझं होऊन पाहिला.

धक्क्यापाशी थांबल्यावर त्याने दुधाचा क्रेट पायरी म्हणून ठेवला आणि तिला उचलून वर घेतलं. एव्हाना ती एक्केचाळीस किलोची झाली होती. सीटवर त्याने आधी प्लास्टिक अंथरलं. ती बसली तेव्हा ते करकरलं.

"नेव्हर माइंड", जाऊ दे, असं म्हणायची तिची सवय होती. त्या दिवशी तेवढं म्हणाली नाही. तिचा हात काचेच्या दांडीकडे गेला.

"नको," रॉस म्हणाला. "खारा वारा लागेल. आतलं क्रोम डागाळतं."

"मग निदान सुरू तरी कर. आवाज ऐकू दे."

"धुराच्या नळ्यांत काजळी बसेल. कालच आतून पुसल्यात."

थोडा वेळ दोघं समोरच्या बंद काचेतून समुद्र बघत राहिली. ओहोटी होती, पाणी खूप लांब होतं. मग रॉसने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि तोंडाने माझा आवाज काढला. आधी हळू, मग गिअर बदलत, वळणावर दाबत. मित्रांनो, त्याने तो अगदी बरोबर काढला. ग्लेनिस हसली. हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

तेवढ्यात खेकड्यांची जाळी घेतलेले दोघे जण जवळ आले. "काय जपलीय हो," एक म्हणाला. "आता अशा बनत नाहीत. एक फोटो काढू का? फक्त त्या बाई मध्ये येतायत."

रॉसने खाली उतरून माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"ग्लेन, दोन मिनिटं जरा मान खाली घाल."

तिने घातली. माझ्या डॅशबोर्डखाली, गुडघ्यांवर कपाळ टेकून, ती पुरी दोन मिनिटं तशीच बसली. फोटो चांगला आला. त्यात मी एकटी आहे आणि मागे समुद्र आहे.

ग्लेनिस सप्टेंबरात गेली. मंगळवारी तिला पुरलं आणि पुढच्याच महिन्यात स्पर्धा आली. रॉसने जायचं नाही म्हटलं, तर क्लॅरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला: "तिला हेच आवडलं असतं, लेका."

ॲडलेडच्या मैदानावर परीक्षक पाठीवर झोपला, ठिपके पाहिले, ओघळ पाहिला, खडूची रेघ पाहिली. मग उठून त्याने दार उघडलं आणि डावीकडच्या सीटवरून हात फिरवला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "या सीटवर कधी कुणी बसलंच नाही?"

"नाही," रॉस म्हणाला. "कुणीच नाही."

शंभरपैकी शंभर मिळाले. कप माझ्या बोनेटवर ठेवून त्याने फोटो काढून घेतला. त्या फोटोत तो हसत नाहीये, पण नीट उभा आहे.

मित्रांनो, मला जपलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तुमच्याही घरात जपून ठेवलेलं काहीतरी असेलच. एखाद्या दिवशी कुणी येऊन म्हणेल, चल, काच खाली करून एक चक्कर मारू. तेव्हा वस्तूकडे बघू नका. विचारणाऱ्याकडे बघा, किती बारीक झालाय तो. आणि किल्ली घ्या. ओरखडा पडेल. माझी हरकत नाही, कधीच नव्हती. मला कुणी विचारलं नाही, इतकंच.