पाठीतला कागद

"सहा तास बाकी दिसतायत तुमचे," परवाना कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला.

बाइंडरनं खिडकीत डोकं घातलं. नऊ वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवली म्हणून कोर्टानं त्याचा परवाना काढून घेतला होता, आणि वाचनालयात चाळीस तास फाटकी पुस्तकं बांधायला लावली होती. त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. आता सोमवारी पुस्तकांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून रुजू व्हायचं, त्यासाठी परवाना परत हवा, तर हे सहा तास आडवे आले.

तास तर सगळे भरले होते! हजेरीचा कागद कोर्टात पोचवायला मेहुण्याकडे दिला होता. आणि त्याच नोकरीवर मेहुण्याचाही डोळा होता.

"भाऊजी, मला कागद दिलाच नव्हतात तुम्ही," मेहुणा म्हणाला.

"बरं आठवतंय रे! बायकोचा वाढदिवस आठवत नाही तुला."

"मी काय खाल्ला तुमचा कागद?"

फार चटकन बोलला. आणि हसला कशाला? बाइंडर दोन दिवस तेच चघळत बसला. बायको म्हणाली, "आधी वाचनालयात तरी विचारा." ही भावाचीच बाजू घेणार, असं त्यानं मनात धरलं.

शुक्रवारी सकाळी खळ शिजवताना त्याचा हात थबकला. पुस्तकाच्या पाठीला आतून चिकटवायला तो हाताशी येईल तो कागद घ्यायचा. वाचनालयातल्या शेवटच्या दिवशी जाडजूड शब्दकोश बांधला होता...

ग्रंथपाल बाई "अहो, अहो!" करेपर्यंत त्यानं सुरीनं कोशाची पाठ उघडली. आत हजेरीचा कागद होता. चौतीस तासांपुढे बाईंच्या सह्या. त्याखाली त्यांच्याच अक्षरात: 'आज पिऊन आले. घरी पाठवले.'

"त्या दिवशी पाठ चिकटवल्याशिवाय हलत नव्हतात तुम्ही," बाई म्हणाल्या. "हा कागद तेव्हा किती शोधला मी. शेवटी कोर्टाला चौतीसच कळवले."

बाइंडरनं ती ओळ पुन्हा वाचली. दारू सुटली होती ती कोर्टाच्या नव्हे, या दिवसापासून. मेहुण्याला आता काय तोंड दाखवायचं?

"कोशाची तर वाट लावलीत," बाई म्हणाल्या.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते.

"चारपर्यंत होईल," तो हळूच म्हणाला.

बाईंनी नवा हजेरीचा कागद काढला, आपल्या हाताखाली दाबून धरला, आणि खुर्ची ओढून त्याच्या समोरच बसल्या.