बारा नावं, सहा चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. वय फार नाही, नऊ-दहा वर्षांचं. पण चारचौघांत जिचा खोटेपणासाठी वापर झाला, तिनं स्वतःला नवी कशाला म्हणवून घ्यावं?

माझा जन्म लोणावळ्याचा. ताजुद्दीन सुतार बंगल्यांची कामं करायचे. एका बंगल्याचा जुना दरवाजा निघाला, त्याच्या फळ्यांतून त्यांनी मला घडवलं. वर मूठ जाईल एवढं गोल भोक ठेवलं आणि त्याची कड पॉलिश पेपरनं घासघासून गुळगुळीत केली. त्यांची मुलगी जीनत नुकतीच गणिताची शिक्षिका झाली होती. तिला वर्गात संभाव्यता शिकवायला पेटी हवी होती. गोट्याही त्यांनीच कातल्या आणि रंगवल्या. पाच लाल, तीन पांढऱ्या.

जीनतबाईंची शाळा मळवलीच्या पुढे, एका गडाच्या पायथ्याच्या गावात आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. बाई तिथे मानधनावर आहेत, म्हणजे दर जूनला नोकरी राहील की जाईल याची धाकधूक. पण वर्गात उभ्या राहिल्या की ती धाकधूक कुठल्या कुठे जायची. "आत आठ गोट्या आहेत. लाल येण्याची शक्यता किती?" मुलं ओरडायची, "आठात पाच!" मग एकेक जण हात घालायचं, गोटी काढायचं, परत टाकायचं. फळ्यावर रेघा वाढत जायच्या. शंभर वेळा काढून झालं की लालच्या रेघा साठ-पासष्टच्या आसपास भरायच्या आणि वर्ग चकित व्हायचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मी खरं बोलते, हे मुलांना मोजून दाखवता येत होतं.

माझी कीर्ती गावात गेली, तिथून माझं नशीब फिरलं.

गडाच्या पायथ्याशी, पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथे, चार गाळे बांधले गेले. ते एकेका वर्षासाठी द्यायचे ठरले. अर्ज आले बारा. सहा वरच्या आळीचे, सहा खालच्या आळीचे. मग सोडत काढू, असं ठरलं. गाळ्यांच्या समितीचे प्रमुख होते हनुमंतभाऊ. ते वरच्या आळीचे, आणि शाळेच्या समितीवरही तेच. त्यांनी बाईंना निरोप धाडला, "तुमची पेटी द्या. गनिताची पेटी म्हनल्यावर कुनाला शंका यायची न्हाई."

बाईंनी मला स्वतः पुसून दिलं. त्यांना अभिमान वाटला होता.

समाजमंदिरात सगळे जमले. हनुमंतभाऊंनी बारा नावं मोठ्यानं वाचली, बारा चिठ्ठ्या घडी घालून मुठीत धरल्या आणि मूठ माझ्यात घातली. माझ्या तळाशी सहाच चिठ्ठ्या पडल्या. खालच्या आळीच्या सहा मुठीतच राहिल्या आणि मुठीतून खिशात गेल्या. अंगणवाडीतल्या एका चिमुरडीनं चार चिठ्ठ्या काढल्या. टाळ्या झाल्या. मला तोंड असतं तर मी तिथंच बोंब मारली असती.

त्याच बारा अर्जांवर असं तीन वर्षं चाललं. हनुमंतभाऊ हुशार, आणि नशीबही त्यांच्याच बाजूचं. तीन वर्षांत बारा वेळा नाव निघालं, ते वरच्या आळीतल्या सहाही घरांत दोन-दोनदा निघालं. दर वर्षी चेहरे बदलायचे. एकाच घराला तीनदा मिळालं असतं तर गाव बोललं असतं. बदलते चेहरे पाहून कुणी बोललं नाही.

खालच्या आळीतल्या शालनबाईंचा अर्ज तिन्ही वर्षं होता. त्या कणसं भाजून विकतात. गाळा नाही म्हणून शेगडी आणि कणसांची पाटी घेऊन त्या गडाच्या वाटेवर, दुसऱ्या वळणाला बसायच्या. तिथवर येणारे लोक खाली खाऊनच आलेले असायचे. पावसात शेगडी विझायची. "आपलं नशीबच फुटकं," एवढंच त्या म्हणायच्या.

त्यांची मुलगी माधवी दहावीत जीनतबाईंच्या वर्गात होती. संभाव्यतेचा धडा झाला त्या दिवशी सगळे गेल्यावर ती थांबली.

"बाई, बारातल्या चौघांना गाळा मिळतो. म्हणजे आईला न मिळण्याची शक्यता बारात आठ. तीन वर्षं लागोपाठ न मिळण्याची सत्तावीसात आठ. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणजे असं घडणं काही फार नवलाचं नाही."

"मग खरंच नशीब?"

बाई नुसतं हो म्हणाल्या असत्या तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण गणिताचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. "एकट्या आईचं मोजू नकोस," त्या म्हणाल्या. "निघालेल्या चौघांचं मोज. ते कुठल्या आळीचे होते?"

माधवीनं खडू घेतला. पहिली चिठ्ठी बारा प्रकारे, दुसरी अकरा, मग दहा, मग नऊ. गुणाकार अकरा हजार आठशे ऐंशी. पण कोण आधी निघालं याला महत्त्व नाही, आणि चार नावं चोवीस क्रमांनी येऊ शकतात. म्हणून चोवीसनं भागलं. चारजणांचे गट चारशे पंच्याण्णव. त्यातले सगळे वरच्या आळीचे असे गट किती? सहा, पाच, चार, तीन. तीनशे साठ, भागिले चोवीस. पंधरा.

"तेहेतिसात एक," माधवी हळूच म्हणाली. "आणि तीन वर्षं लागोपाठ..." तिनं तीनदा तेहेतीस गुणले. फळ्यावर आकडा आला: पस्तीस हजार नऊशे सदतीसात एक.

मी टेबलावरच होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि डस्टर घेऊन घाईघाईनं फळा पुसला.

चौथ्या वर्षाची सोडत आली. बाईंनी मला द्यायला नकार दिला नाही. जून तोंडावर होता.

समाजमंदिरात हनुमंतभाऊंनी मूठ माझ्यात घातली आणि काढली. चिमुरडीला पुढे बोलावणार, तेवढ्यात माधवी उभी राहिली.

"भाऊ, आधी पेटी उलटी करा. बारा चिठ्ठ्या हायेत का, मोजू."

हनुमंतभाऊ हसले. "का गं? आमच्यावर इस्वास न्हाई?"

"तीन वर्सं समदे गाळे वरच्या आळीलाच गेलेत. पस्तीस हजार नऊशे सदतीसात येकदा असं घडतं. मी मोजलंय."

शालनबाईंनी तिचा हात खेचला. "बस खाली! तुला लय कळतंय व्हय?" खालच्या आळीतलं दुसरं कुणी मान वर करेना. कुणाचा मुलगा हनुमंतभाऊंच्या ओळखीनं बंगल्यावर वॉचमन होता, कुणाची सून त्यांच्या हॉटेलात कामाला.

हनुमंतभाऊ रागावले नाहीत. ते जीनतबाईंकडे वळले. "बाई, तुमी गनिताच्या. येवडंच सांगा. पस्तीस हजारात येकदा घडणारी गोष्ट घडूच शकत न्हाई, असं गनित म्हनतं का?"

बाई उभ्या राहिल्या. माधवी त्यांच्याकडे डोळे लावून बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "असं गणित म्हणत नाही. घडू शकतं."

त्या खोटं बोलल्या नाहीत. पण 'तरीही पेटी उलटी करा, मोजायला अर्धं मिनिट लागेल,' एवढं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं आणि त्या खाली बसल्या.

"ऐकलंत?" हनुमंतभाऊ म्हणाले. चिमुरडीनं चिठ्ठ्या काढल्या. चारही वरच्या आळीच्या. माधवीचा आकडा आता अकरा लाखांच्या पुढे गेला होता, पण तो मोजायला ती तिथे थांबली नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला नववीच्या वर्गात नेलं. दार उघडंच होतं. माधवी निकालाची चौकशी करायला शाळेत आली होती, ती व्हरांड्यात थबकली. बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "आत आठ गोट्या आहेत. लाल येण्याची शक्यता किती?"

मुलांच्या आधी माधवीच बोलली, दारातून. "बाई, आत कुणी काय टाकलंय, ते कुणी बघितलंय का?"

बाईंनी मला उचलून टेबलाखाली ठेवलं. तास संपेपर्यंत त्यांनी मुलांना उदाहरणं लिहायला सांगितली. बाईंची नोकरी राहिली. मला मात्र त्यांनी त्यानंतर वर्गात नेलं नाही. कपाटावर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवून दिलं. शालनबाई अजून दुसऱ्या वळणालाच बसतात. माधवी तळेगावच्या कॉलेजात जाते. वाटेत बाई दिसल्या तर नमस्कार करते, थांबत नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. धुळीनं माझं काही बिघडत नाही. मागणं एवढंच आहे, की भरल्या सभेत कुणी 'आधी मोजा' म्हणत उभं राहिलं, तर तुम्हीही उठून उभे राहा. आकडेमोड तिनं केलेली असते, तुम्हाला फक्त उठायचं असतं. त्या दिवशी एकटी माधवी उभी होती. तिला मोजायला शिकवणारी बाई चार हातांवर, खाली मान घालून बसली होती.