धुतलेला स्कार्फ

रंगाऱ्याने बादलीतून स्कार्फ वर काढून उजेडात धरला. भिजत घातला तेव्हा पिवळाधमक होता, आता शेवाळासारखा हिरवा. त्याच बादलीत त्याची कामावरची नवी निळी पँट होती. पिवळ्यात निळा गेला की काय होतं, हे जन्मभर रंगाचे डबे ढवळणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. पण कपडे धुणं बायकोकडे होतं, आणि तिला जाऊन पाच महिने झाले होते.

स्कार्फ तिचाच. गेल्या वर्षी सुट्टी लागण्याआधी बालवाडीत कार्यक्रम झाला, तेव्हा ती खिडकीपाशी उभी राहून तो हलवत होती. त्यांच्या लेकीने, टिकलीने, तेवढ्या एका रंगाकडे बघत अख्खं गाणं म्हटलं होतं. आता टिकली चार वर्षांची झाली होती, आज पुन्हा कार्यक्रम होता आणि प्रत्येक तालमीला ती टेबलाखाली जाऊन बसत होती. शेवटी तिने बापाला बजावलं होतं, "तू पिवळा दाखव. मग मी येईन."

तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण सासूबाई आल्या होत्या, मोठी रिकामी बॅग घेऊन.

"जावईबापू, मी भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पोर कुणाशी बोलत नाही, खेळत नाही. आजही टेबलाखालीच बसली, तर उद्या मी तिला घेऊन जाते. तिकडच्या शाळेत घालू."

कशाच्या जोरावर तो नाही म्हणणार होता?

टिकलीला बालवाडीत सोडून तो थेट कामावर गेला. उशीचा जुना अभ्रा फाडला, पिवळा ढवळला. लिंबासारखा झाला, म्हणून थेंबभर लाल घातला. जुळला. नजरेने शेड जुळवावी ती यानेच, असं लोक म्हणत. कापडावर दोन हात मारले, पण ते वाळेना. वेळ झाली तसं ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. हिरवा स्कार्फ खिशात कोंबला होता, तो टाकून द्यायचा धीर झाला नव्हता.

हॉलमध्ये पोरांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे बसलेल्या एका आजोबांचे गुडघे हनुवटीला लागत होते. "पुढच्या वर्षी माझंही नाव घाला," ते बाईंना म्हणाले.

"हा वास कसला?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या अंगालाच असतो, आई."

पडदा सरकला. पाठीवर पुठ्ठ्याची कवचं बांधलेल्या गोगलगाई एकेक करत आल्या. त्याने मोजल्या. सात. आठवं कवच मागच्या टेबलाखाली दिसत होतं.

सासूबाईंनी बॅगेचा पट्टा धरला. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि पिवळं कापड उंच धरलं. रंगाचा ओघळ कोपरापर्यंत आला. टेबलाखालून टिकलीचं डोकं बाहेर आलं. तिने कापडाकडे बराच वेळ पाहिलं. मग नाही म्हणून मान हलवली आणि डोकं आत घेतलं.

गाण्याचं पहिलं कडवं संपलं. मागून सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुरे आता. पोरीचा छळ नको."

त्याने कापड खाली ठेवलं. खिशातून हिरवा स्कार्फ काढला, दोन्ही हातांनी उलगडला. एका टोकाचे गोंडे आखूड होते, टिकलीने दुधाच्या दातांनी चावलेले. त्याने तो हलवला नाही, नुसता धरून ठेवला.

डोकं पुन्हा बाहेर आलं. मग कवच. टिकली रांगत पुढे आली आणि गाणं चालू असतानाच तिने विचारलं, "हिरवा कसा झाला?"

गाणं अडखळलं. सगळे त्याच्याकडे वळले.

"माझ्या निळ्या पँटबरोबर धुतला."

"आई वेगळा धुवायची."

"हो. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"मला विचारायचं ना, बाबा."

आजोबा खो खो हसले. टिकली हसली नाही. ती उठली, शेवटच्या गोगलगाईशेजारी उभी राहिली आणि तिने उरलेलं कडवं म्हटलं. म्हणजे निम्मं म्हटलं, निम्म्याला नुसते ओठ हलवले. सगळा वेळ तिची नजर त्या गोंड्यांवर होती. त्याचे हात भरून आले, पण त्याने ते खाली घेतले नाहीत.

सगळे बाहेर आले. सासूबाईंनी बॅगेची चेन उघडली, टिकलीच्या पाठीवरचं कवच सोडवलं आणि आत ठेवलं. बरोबर मावलं.

"घरी गेल्यावर ती पँट मला द्या," त्या म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात घालून ठेवते. नाहीतर पुढच्या खेपेला पोरीचे फ्रॉक रंगवाल."