कुरुळीचं खोकड

चिखलीतल्या एका सोसायटीनं हॉलची भिंत रंगवायला नेहाला बोलावलं. तिची चित्रं कुणी बघितली नव्हती; फ्लेक्सपेक्षा पेंटिंग ‘क्लासी’ दिसतं, एवढंच चेअरमन रविराजना कळलं होतं.

“विंटर थीम हवी मॅडम. गाव, शेत, वन्यप्राणी.”

नेहा पिंपरीची. शाळेत चित्रकला शिकवायची. हिवाळा बघायला ती पहाटे स्कूटर काढून कुरुळीला जाऊ लागली. कंपन्यांच्या मागं अजून हरभऱ्याचं रान शिल्लक होतं. तिथं तिला खोकड दिसलं, रानातला तो छोटा राखाडी कोल्हा. तेच तिनं भिंतीवर उतरवलं: धुकं, हरभरा, कान टवकारलेलं खोकड आणि बांधावर दोन टिटव्या.

रविराज बघायला आले. “कुत्रं आहे का हे?”

“खोकड आहे.”

“आणि बर्फ?”

“कुरुळीत?”

“विंटर म्हटल्यावर बर्फ येतोच ना! कॅलेंडरवर बघा.”

“मग कॅलेंडरच टांगा,” म्हणत नेहानं कुंचले आवरले. माणूस वरमेल असं तिला वाटलं. पण वरमायला आधी काही कळावं लागतं.

हॉलच्या उद्घाटनाला ती गेली आणि दारातच थबकली. हरभरा पांढऱ्या ऑइलपेंटखाली गाडला गेला होता. खोकडाला रेनडिअरची शिंगं फुटली होती. टिटव्यांची पोटं फुगवून त्यांचे पेंग्विन केले होते. त्यांच्यासमोर बायका-पोरं सेल्फी काढत होती.

“कंपाउंडवाल्या पेंटरकडून थोडं टचअप करून घेतलं,” रविराज हसत म्हणाले. “नाव मात्र तुमचंच ठेवलंय हं!”

भीक घातल्यासारखं ते म्हणाले. नेहानं पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत कोपऱ्यातलं आपलं नाव खरवडून टाकलं.

“अहो मॅडम, प्लास्टर निघेल!” कुणीतरी ओरडलं. इतका वेळ सेल्फीत रमलेल्या त्या गर्दीला अखेर कळवळा आला, तोही प्लास्टरचा. तिनं किल्ली पदराला पुसली आणि ती निघून आली.

पुढच्या रविवारी ती कॅनव्हास घेऊन पुन्हा कुरुळीच्या बांधावर बसली. रानाचे मालक भैरूआबा मफलर गुंडाळून मागं येऊन उभे राहिले.

“ह्ये आमच्या रानातलं खोकड व्हय?”

“हो, आबा!” नेहाला एकदम बरं वाटलं. निदान इथं तरी कुणी ओळखलं.

“झ्याक जमलंय. पन पोरी, येवढ्या थंडीत बसून खोकडच काढायचं? वाघ काढ की एखादा.”

“तुमच्या रानात वाघ आहे?”

“न्हाई. पन चितरात कोन इचारतंय?”

सणसणीत उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण आबा खरंच मदत केल्यासारखे खूश दिसत होते. तिला हसूच फुटलं. मग ती खोकडाच्या शेपटीकडं वळली.