वाडी बुडाल्यावर काय गेलं?

अर्चनाबाईंनी स्नेहलच्या पेपराला वीसपैकी सतरा गुण दिले होते. पुण्याच्या दुसऱ्या परीक्षकानं तो पुन्हा तपासला तेव्हा उरले सात. आठाच्या खाली गेलं की मूल 'पायाभूत गटा'त. म्हणजे सातवीतल्या मुलीनं वर्षभर रोज दोन तास तिसरीच्या पोरांशेजारी बसून काना-मात्रा गिरवायच्या, आणि वाचनालयाचा तास बंद. कोणाचा? तर अख्ख्या वर्गात एकटीनं चाचणीची कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, तीही दोनदा, वाचणाऱ्या स्नेहलचा! आता याला काय म्हणावं?

कादंबरी एका संस्थेनं शाळेला दिली होती. गोष्ट साधी. घाटावरची एक वाडी धरणात बुडते आणि एक म्हातारा काठावर बसून रडतो. मुलांना ती कितपत समजली हे बघायला संस्थेनंच पाच प्रश्नांची चाचणी काढली. त्यातला तिसरा प्रश्न होता, 'वाडी बुडाल्यावर म्हाताऱ्याचं काय गेलं?'

उत्तरसूचीत होतं, 'घरे, शेजार, माणसांची सोबत.' स्नेहलनं लिहिलं होतं, 'सुपारी गेली. मुळाशी पाणी साचलं की सुपारी जगत नाही. नवीन झाड लावलं तर धरायला सात-आठ वर्षं जातात. म्हाताऱ्याकडे तेवढी वर्षं उरली नव्हती, म्हणून तो रडला.'

ते शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा वाचलं होतं. पोरीनं गोष्टीत आपल्याकडची झाडं घातली, इतकंच त्यांना वाटलं, आणि चारपैकी चार देऊन त्या मोकळ्या झाल्या. परीक्षकानं शेरा मारला, 'कादंबरीत सुपारी कुठेही नाही. विद्यार्थिनीने पुस्तक वाचलेले नाही.' वाडीवरचे आणखी दोन प्रश्न होते, त्यांचेही गुण असेच कापले.

तेव्हा कुठे बाईंची ट्यूब पेटली. त्या घाटावरच्या, माण तालुक्यातल्या. तिकडे वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. नवरा तारापूरच्या कारखान्यात लागला म्हणून सरावलीत बिऱ्हाड केलं आणि केळव्याच्या या शाळेत नोकरी धरली. इथं वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. 'बाबा वाडीत गेलाय', 'वाडीला पाणी सोडलंय', हे चार वर्षं रोज कानावर पडत होतं. पण शिकवताना वाडी हा शब्द कोण समजावून सांगतं हो? बाकीच्या मुलांनी फळ्यावरचा सारांश घोकला. त्यात बाईंनी 'वस्ती उठली' असं लिहिलं होतं, म्हणून ती सगळी सुटली. स्नेहलनं तो उतरवूनसुद्धा घेतला नव्हता. 'मी पुस्तक वाचलंय ना बाई,' म्हणाली होती. वाचलं, तिथंच मेली बिचारी.

बाई तडक पालघरला संस्थेच्या कार्यालयात गेल्या. समन्वयक शैलेश इथलाच, केळव्याशेजारच्या माहीमचा. त्यानं पेपर वाचला आणि खुर्चीत मागं टेकला.

"मॅडम, मला पटतंय. माझी स्वतःची वाडी आहे. मीपण हेच लिहिलं असतं."

"मग द्या ना तिला एक गुण! एकच तर हवाय."

"कसा देऊ? गुण भरायच्या अॅपमध्ये उत्तरसूचीबाहेरचं उत्तर घेतच नाही. त्यात गटाची यादीपण लागलीय."

"पुण्याला फोन करा."

"मागं अशाच एकीसाठी केला होता. ते म्हणाले, एकीसाठी सूची बदलली तर सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील." त्यानं ड्रॉवरमधून एक छापील पत्र काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "यावर पालकांची सही तेवढी आणा."

बाई भांडल्या, आवाज चढवला, शेवटी अक्षरशः हात जोडले. शैलेशनं फोनवर ती लागलेली यादी उघडून दाखवली. त्याच्यावर तरी किती चिडणार? पत्र पर्समध्ये कोंबून त्या परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी स्नेहलला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे तिकडे वाडी म्हंजे घरं?" स्नेहलनं विचारलं.

"हो गं."

"मंग माझं चुकलंच."

"तुझं नाही, माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं."

स्नेहल जराशी हसली. "मंग तुमाला पण गटात बसवणार?"

बाईंनी पर्स उघडली. त्यांनी पत्र पुढं केलं. "यावर घरून सही आण बाळा. बाबांची."

"बाबा नाय. तो बोटीवर गेलाय. तात्या हाय घरी." तात्या म्हणजे तिचे आजोबा. तिनं पत्र उलगडलं आणि तिथंच, एकदाही न अडखळता, मोठ्यानं वाचलं, "आपल्या पाल्यास वयानुरूप वाचन येत नसल्याचे आढळून आले आहे. तरी आपण संमती द्यावी."

वाचून झाल्यावर तिनं पत्राची नीट घडी घातली.

"बाई, तात्याला आता दिसत नाय. घरात आलेला कागद मीच त्याला वाचून दाखवते," ती म्हणाली. "हा पण मीच वाचू?"