शेवटचा बॉल साहेबाचा

देवळाली कॅम्पातल्या साहेबलोकांच्या क्लबात सावळीराम गांगुर्डे तीस वर्षं मार्कर होता. मार्कर म्हणजे पूलच्या टेबलाचा सगळा कारभार पाहणारा माणूस. हिरव्या कापडाला ब्रश मारायचा, काठ्यांच्या टोकांना खडू लावून ठेवायचा, कुणाचे किती बॉल पडले ते फळ्यावर मांडायचे, आणि ज्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं. खेळायचं आणि हरायचं. हे शेवटचं काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण नोकरी टिकायची ती त्याच्यावरच.

डाव साधा असे. टेबलावर पंधरा बॉल, ज्याचे आठ आधी पॉकेटात पडतील तो जिंकला. पहिल्याच वर्षी सावळीरामनं एका मेजरसाहेबाला मडमेसमोर, पाहुण्यांसमोर सपशेल धुतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सहा महिने तो बागेतलं गवत उपटत होता. तेव्हा क्लबातला म्हातारा मार्कर फकिरा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "येड्या, सात बॉल तुझे. शेवटचा साहेबाचा. अन् चुकवायचा तो असा चुकव, का साहेबाला वाटलं पायजे, बिचारा थोडक्यात हुकला."

सावळीराम शिकला. नुसता शिकला नाही, त्यात तरबेज झाला. आठव्या बॉलला मनगट इवलंसं वळवायचं, की बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थबकलाच म्हणून समजा. मग साहेबानं नुसती काठी दाखवली तरी तो आत. साहेब खूश, मडम खूश, आणि सावळीराम "लय भारी, साहेब!" म्हणत टाळ्या वाजवायला मोकळा. माणसानं तीस वर्षं हरण्याचा रियाज करावा आणि त्याचा पगार घ्यावा, असाही एक धंदा जगात असतो.

एकोणऐंशी साली त्याची अठ्ठावन्न भरली. क्लबाच्या मागची खोली महिनाअखेर रिकामी करा, असा कागद आला. मूलबाळ नव्हतं. गावाकडच्या घराच्या जागेवर पुतण्यांनी कधीच गोठा बांधला होता. बायको शकुबाई एवढंच म्हणाली, "आता जायचं कुठं?" सावळीराम उगीच काठ्यांना खडू लावायला निघून गेला.

उत्तर घेऊन आला तो गोटीराम आहेर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला कारकून, तिशीचा, सरळ मनाचा माणूस. गंगापूर रोडवर नवा जिमखाना निघाला होता, गोटीराम त्याचा सभासद. जिमखान्यानं हौसेनं एक जुनं टेबल विकत आणलं होतं, पण खेळता कुणालाच येत नव्हतं. कागद यायच्या तीन महिने आधीच गोटीरामनं कुठून कुठून ओळख काढली होती, आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी, साहेबलोक जेवून झोपले की, तो बसनं देवळालीला शिकायला येत होता.

"बॉल नंतर," पहिल्याच दिवशी सावळीराम म्हणाला. त्यानं टेबलावर सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवली. "काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आतबाहेर करायचं. काचेला लागता कामा नाय. शंभरदा."

गोटीराम घामाघूम झाला. तीन रविवार बाटलीतच गेले. मग पांढरा बॉल मिळाला, पण एकटाच.

"समोरच्या कडेवर सरळ हाणा, साहेब. गेला तसा मागं आला पायजे, काठीच्या टोकाला. हनुवटी काठीवर, डोकं उचलायचं नाय. डावा हात कापडावर घट्ट. जोर नको, हात सुटा ठेवा."

"मामा, मला साहेब काय म्हणता? मी साधा कारकून. गोटीराम म्हणा."

"व्हय, साहेब," सावळीराम म्हणाला.

एकदा गोटीराम चुकला, आणि चिडून तोच फटका तसाच चुकीचा चारपाच वेळा मारत राहिला. सावळीरामनं काठीच काढून घेतली. "चुकलं का थांबायचं. पाणी प्यायचं, मंग पुन्हा. अहो, हाताला कुठं कळतं बरं काय अन् वाईट काय? शंभरदा जे केलं ते त्याला पाठ. मंग तुम्ही किती बी सांगा, त्यो ऐकत नाय."

हे त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की गोटीरामनं ते खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. सांगणाऱ्याला मात्र त्यात स्वतःचं काही दिसलं नाही. आपल्यापैकी कुणाला दिसतं?

खोलीच्या कागदाचं कळल्यावर गोटीराम जिमखान्याच्या सेक्रेटरीकडे, पिंगळेवकिलांकडे गेला आणि त्यांच्या खनपटीला बसला. शेवटी ठरलं: जिमखान्याला शिकवणारा हवाच आहे, टेबलाच्या हॉलमागे एक खोलीही आहे. रविवारी सकाळी चाचणी घेऊ. पसंत पडला तर त्याच दिवशी सामान आणू दे. शकुबाईनं शनिवारीच भांडी बोचक्यात बांधली. सावळीराम म्हणाला, "आगं, आधी होऊ तर दे." तरी तिनं स्टोव्ह तेवढा बाहेर ठेवला, सकाळच्या चहापुरता.

रविवारी हॉलमध्ये वीसपंचवीस सभासद जमले होते. पिंगळेवकील सांगतील तो बॉल सांगतील त्या पॉकेटात सावळीराम घालत गेला. कडेला चिकटलेला घातला, दोन बॉलांच्या फटीतून घातला, एक तर कडेवर आपटून उलटा आणला. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. गोटीरामची छाती अशी फुगली, जणू काठी त्याच्याच हातात होती.

"पसंत!" पिंगळेवकील म्हणाले. "आता नुसती रीत म्हणून एक डाव. आहेर, तूच खेळ. तुला हरवलं की मी सही करतो."

गोटीरामला हसूच आलं. आपल्याला हरवणं म्हणजे काय मोठी गोष्ट! सावळीरामलाही तसंच वाटलं. गोटीरामचे कसेबसे दोन बॉल पडले, तोवर सावळीरामचे सात झाले होते. उरला एक. टेबलावर सहा बॉल होते, त्यातला कुठलाही चालला असता.

सावळीराम वाकला. काठी पुढे गेली. बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थबकला.

"थोडक्यात हुकलं," कुणीतरी हळहळलं. मनगट वळलेलं सावळीरामला मात्र कळलं होतं. त्यानं वळवलं नव्हतं.

तोंडाशी थबकलेला तो बॉल गोटीरामनं मुद्दाम सोडला. काठी भलतीकडेच मारली. पिंगळेवकील वकीलच, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? "आहेर, पुन्हा मुद्दाम चुकलास तर चाचणी रद्द. माझ्यासमोर नाटकं नकोत."

पुन्हा सावळीराम. त्यानं हात पँटीला पुसला, पाणी प्यायला, मनाशी शकुबाईचं नाव घेतलं. फटका मारताना मनगट वळलंच. आणखी एक बॉल दुसऱ्या पॉकेटच्या तोंडाशी येऊन बसला. आता टेबलावर दोन बॉल वाढून ठेवल्यासारखे होते, आणि वकिलांची नजर गोटीरामवर. त्याला ते घालावेच लागले. तिसऱ्याला तो खरोखरच चुकला. मग सावळीराम. मग पुन्हा तसंच. सातावर चार, सातावर पाच, सहा. हॉलमधली हळहळ थांबली होती, आता लोक हसू दाबत होते.

काठीला खडू लावण्याच्या निमित्तानं गोटीराम जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "मामा, मी साहेब नाही हो. गोटीराम म्हणा मला. एकदा मोठ्यानं म्हणा."

सावळीरामनं ओठ हलवले. त्याला खरंच म्हणायचं होतं. "मी... काय करू, साहेब?" एवढंच बाहेर पडलं. आणि पुढच्या फटक्याला त्यानं सातवा बॉलही वाढून दिला. गोटीरामनं तो घातला. सात-सात. टेबलावर एकच बॉल राहिला.

त्याला गोटीराम चुकला, मनापासून चुकला, आणि देवाचे आभार मानत मागे सरला. सावळीरामची पाळी. पॉकेट वीतभर लांब. मघाशी यापेक्षा दहापट अवघड बॉल त्यानं सहज घातले होते. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून पाहिलं, लहान लेकराला दम द्यावा तसं. मग वाकला.

बॉल गेला आणि अगदी काठावर थांबला. पांढरा बॉल लांब कडेला लागून, पॉकेटच्या सरळ रेषेत, दोन हात मागे येऊन उभा राहिला.

गोटीराम टेबलाशी आला. समोरचा बॉल घातला तर मामा रस्त्यावर. उघड चुकलं तर चाचणी रद्द, तरी मामा रस्त्यावर. मग त्याला एक सुचलं. पॉकेटकडे पाठ होईल असा तो वळला आणि पांढरा बॉल विरुद्ध बाजूला, दूरच्या कडेवर मारायचं त्यानं ठरवलं. "जरा घुमवून घालतो, वकीलसाहेब," तो म्हणाला. असला फटका त्याच्यासारख्या नवख्याला जमणं शक्यच नव्हतं, आणि कुणी मुद्दाम चुकला असंही म्हणता आलं नसतं.

हनुवटी काठीवर गेली. डोकं उचललं नाही. डावा हात कापडावर घट्ट. जोर नाही, हात सुटा.

पांढरा बॉल दूरच्या कडेवर गेला, आणि गेला तसा मागे आला. नाकासमोर, सरळ, जसा तो आठ रविवार शंभर शंभर वेळा आला होता. काठावरच्या बॉलला त्यानं हलकेच धक्का दिला. बॉल पडल्याचा आवाज साऱ्या हॉलला ऐकू आला.

हॉलभर शिट्ट्या आणि टाळ्या झाल्या. पिंगळेवकील गोटीरामची पाठ थोपटत म्हणाले, "अरे, तूच शिकव की आम्हाला! बाहेरचा माणूस हवा कशाला?" गोटीराम ओरडून सांगत होता, "त्यांनीच शिकवलंय हो, सगळं त्यांनीच शिकवलंय!" पण त्या गोंगाटात त्याचं ऐकतो कोण.

सावळीराम फळ्यापाशी गेला. नीट, ठळक आकड्यात त्यानं आहेरांच्या नावापुढे आठ मांडले. मग काठी बगलेत धरली, मान तुकवून हसला आणि म्हणाला, "लय भारी, साहेब!" सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या.

देवळालीच्या खोलीत शकुबाई बोचक्यावर हात ठेवून बसली असेल, हे त्याला टाळ्या वाजवून झाल्यावर आठवलं.